टॉस सात वाजता

पहाटे 5.30

शटर वर केलं की आधी विजेचा मीटर बघायचा, मग पंखे लावायचे, मग दिवे. अभ्यासिकेचा नफा-तोटा विजेच्या बिलावर ठरतो आणि मार्च लागला की पंख्यांना उसंत नसते. बँकेतून निवृत्त झाल्यावर कर्वेनगरातल्या आमच्या घराचा खालचा मजला मी अभ्यासिकेला दिला. प्लायवूडची पार्टिशनं, प्रत्येक टेबलाला एक दिवा आणि एक सॉकेट, कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर आणि भिंतीवर ‘मोबाइल सायलेंट ठेवावा’ अशी पाटी, जी कुणी वाचत नाही. महिना बाराशे. मुलं लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडची. राज्यसेवा, कंबाइन, सरळसेवा, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरणारी. इंजिनिअरिंगच्या मुली परीक्षेच्या दिवसांत येतात, त्यांची खोली वेगळी. मी सगळ्यांना टेबलाच्या नंबराने ओळखतो आणि तेही एकमेकांना तशीच हाक मारतात.

आज शनिवार, 22 मार्च 2025. सतरा नंबर एरवी या वेळी आत बसून राज्यघटना घोकत असतो. आज बाहेर पायरीवर मोबाइल घेऊन बसलेला. मला बघून म्हणाला, ‘‘काका, कोलकात्याला पावसाचा इशारा दिलाय. मॅच झालीच नाही तर पैसे परत मिळतात का हो?’’

‘‘कुणाचे?’’

‘‘असंच. जनरल नॉलेज.’’

आयपीएलचा अठरावा हंगाम संध्याकाळी सुरू होणार होता. ईडन गार्डन्सवर कोलकाता विरुद्ध बंगळुरू.

सकाळी 7.00

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा. इथे रोज चालू घडामोडींची उजळणी होते. आज एकच घडामोड होती. दोन्ही संघांचे कर्णधार नवे. बंगळुरूने रजत पाटीदारला नेमलेलं, कोलकात्याने अजिंक्य रहाणेला. रहाणे म्हणजे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा आणि डोंबिवलीत वाढलेला, त्यामुळे नगर जिल्ह्याची पोरं त्याच्या बाजूने. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला झालेल्या लिलावात पहिल्या फेरीत त्याला कुणी विचारलं नाही. शेवटी दीड कोटी या मूळ किमतीला कोलकात्याने घेतला. त्याच संघाने वेंकटेश अय्यरला 23 कोटी 75 लाख मोजले होते. दीड कोटीचा माणूस कॅप्टन आणि पावणेचोवीस कोटींचा त्याच्या हाताखाली, हे आमच्या बँकेतल्या बढत्यांच्या याद्यांसारखंच झालं, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. पोरांचं डोकं दुसरीकडे होतं.

‘‘कोहली ईडनवर चालतोच.’’ ‘‘नरेन पॉवरप्लेमध्ये मारणार, लिहून घे.’’ ‘‘हेझलवूड फिट आहे का पण?’’

हंगामाच्या पहिल्या सामन्याची मौज ही की सगळे ठामपणे बोलतात आणि माहिती कुणाकडेच नसते. मोठ्या लिलावानंतर अर्धेअधिक संघ बदललेले, कोण कुठल्या क्रमांकावर खेळणार ते गुलदस्त्यात, खेळपट्टी ताजी, आणि मागच्या वर्षीचे आकडे मागच्या वर्षीच्या संघांचे. पाच-सहा सामने झाले म्हणजे निदान अंदाज बांधायला काही हाताशी येतं. तरी पैसे लावायची खुमखुमी पहिल्याच दिवशी सगळ्यांत जास्त, कारण दहा महिने वाट बघून हात शिवशिवत असतात. पहिल्या सामन्यात पैज लागते ती नावावर. 74 सामन्यांतला हा एक, हे त्या दिवशी कुणाला सांगून पटत नाही.

सकाळी 9.00

पेपर. आज चौथा शनिवार, बँका बंद. सोमवार-मंगळवारचा बँकांचा संप पुढे ढकलल्याची बातमी मी सवयीने आधी वाचली. निवृत्तीनंतरही संपाची बातमी वाचून बरं वाटतं.

मग एक जुनं कात्रण काढलं. मी कात्रणं ठेवतो. पोरांना निबंधाला कामाला येतात. हे बेसबॉलचं आहे. आपल्याकडे बेसबॉल कुणी बघत नाही, पण हंगामाचा पहिला सामना आणि सट्टा यांची याहून नेमकी गोष्ट मला ठाऊक नाही. 20 मार्च 2024 रोजी अमेरिकेच्या मेजर लीगचा हंगाम दक्षिण कोरियात, सेऊलमध्ये सुरू झाला. लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध सॅन दिएगो पाद्रेस. डॉजर्सकडे शोहेई ओहतानी, म्हणजे तिकडचा सचिनच म्हणा. डॉजर्स 5-2 असे जिंकले. सामना संपल्यावर त्याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा संघासमोर उभा राहिला आणि आपल्याला जुगाराचं व्यसन आहे, असं त्याने कबूल केलं. लगोलग त्याची नोकरी गेली. तपासात निघालं ते असं: ओहतानीच्या बँक खात्यातून त्याने सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर परस्पर वळवले होते. डिसेंबर 2021 ते जानेवारी 2024 या काळात त्याने 19 हजारांच्या आसपास पैजा लावल्या आणि जिंकलेलं वजा जाता चार कोटींहून जास्त डॉलर हरला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला 57 महिन्यांची शिक्षा झाली.

मला त्यातला बँकेचा भाग खटकतो. बँकेला फोन करून तो ‘मी ओहतानी बोलतोय’ असं सांगायचा आणि पैसे पाठवले जायचे. काउंटरवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने बेसबॉलवर पैज लावल्याचं तपासात आढळलं नाही. ज्या खेळाची आतली माहिती त्याच्याकडे होती तो खेळ त्याने सोडला आणि बाकी सगळ्यांवर लावत राहिला.

तेरा नंबरने कात्रण वाचून विचारलं, ‘‘काका, पण अमेरिकेत तर बेटिंग लीगल आहे ना?’’ 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राज्यांवर सोडला आणि बऱ्याच राज्यांनी दारं उघडली. कॅलिफोर्नियाने उघडली नाहीत. त्यामुळे लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या या गृहस्थाचा बुकी बेकायदाच होता, आणि बेकायदा बुकी उधारीवर खेळू देतो. व्यसनी माणसाला उधारी मिळाली की त्याचा तळ लागत नाही.

सकाळी 10.30

फीची वही. महिन्याची फी पाच तारखेपर्यंत यावी असा नियम, येते वीसपर्यंत. सतरा नंबरची आलेली नव्हती.

‘‘काका, फी पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देऊ का? जरा अडचण हाय.’’

‘‘घरून पैसे आले नाहीत?’’

‘‘आलेत. पण नऊ नंबरचे द्यायचेत.’’

नऊ नंबर शेजारीच पाणी भरत होता. चांगल्या घरचा पोरगा, व्याज वगैरे घेत नाही, पण हिशेब चोख ठेवतो. मी सहज म्हणून दोघांना एक कायदा सांगितला, कारण परीक्षेला येऊ शकतो. भारतीय करार कायदा 1872, कलम 30: पैजेचा करार निरर्थक. जिंकलेले पैसे कुणी दिले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत. घोड्यांच्या शर्यतीतल्या 500 रुपये आणि त्यावरच्या बक्षिसाचा तेवढा अपवाद. पण जुन्या मुंबई इलाख्यात आणखी एक पाचर मारलेली आहे. 1865 चा एक कायदा आहे, त्याने पैजेला पूरक असलेले व्यवहारही निरर्थक ठरवले. म्हणजे पैज लावण्यासाठी म्हणून कुणी जाणूनबुजून उसने पैसे दिले, तर ती उसनवारीसुद्धा वसूल करता येत नाही.

नऊ नंबरची बाटली भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

‘‘म्हणजे हा मला देणार नाही म्हणाला तर?’’

‘‘तर तुझं काही चालणार नाही.’’

सतरा नंबर पहिल्यांदा हसला. मग नऊ नंबरचा चेहरा बघून थांबला. मी फी पुढे ढकलली. वहीत पेन्सिलने खूण केली. हा भाग ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या धोंडो केशव कर्व्यांनी इथेच, हिंगण्याच्या माळावर, 1900 मध्ये झोपडीत आश्रम आणला आणि वर्गणीसाठी वणवण केली. त्यांच्या गावात बाराशे रुपयांसाठी पोराला घालवून देणं बरं दिसत नाही.

दुपारी 1.00

जेवण. मेसवाल्या मावशींचं माणूस डबे देऊन गेलं. रात्रीचे डबे आज साडेसहालाच हवेत, असं बहुतेकांनी कळवलेलं. मावशींनाही हंगाम कळतो.

दुपारी 2.00

या वेळी दोन्ही हॉलमध्ये निम्मी डोकी टेबलावर टेकलेली असतात. सतरा नंबर मात्र जागा होता. त्याच्यासमोर आखीव कागद. पुढच्या बाजूला राजकोषीय तुटीवरचं उत्तर, छान अक्षरात, समास सोडून. मागे आकडे. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, समजाव. तो आधी लाजला. मग शिकवायला मिळालं म्हणून खुलला.

‘‘हे बघा, फेव्हरेट टीमचा भाव निघतो. समजा नव्वद-ब्याण्णव. लगाई नव्वद, खाई ब्याण्णव. फेव्हरेटवर हजार लावले आणि ती जिंकली तर नऊशे मिळणार. हरली तर हजार गेले. उलट तुम्हाला वाटतं ती हरणार, तर तुम्ही खायचं. हरली तर हजार मिळणार, जिंकली तर नऊशे वीस द्यायचे.’’

‘‘आणि एकाने लावले, दुसऱ्याने खाल्ले, तर मधल्याचं काय?’’

त्याने पेन थांबवलं. मग आम्ही दोघांनी मांडलं. फेव्हरेट जिंकली तर बुकी लावणाऱ्याला नऊशे देणार आणि खाणाऱ्याकडून नऊशे वीस घेणार. वीस राहिले. फेव्हरेट हरली तर एकाकडून हजार घेऊन दुसऱ्याला हजार देणार. राहिलं शून्य. तोटा कुठल्याच रकान्यात नाही. बँकेच्या परकीय चलनाच्या खिडकीवर डॉलर घ्यायचा भाव वेगळा आणि विकायचा वेगळा असतो, तसंच. त्या खिडकीमागच्या माणसाला डॉलर उद्या चढणार की पडणार याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला रांग हवी असते.

‘‘पण दोन पैशांत काय मिळतं त्याला?’’

‘‘तुला काय मिळतं ते सांग आधी.’’

हा झाला हार-जीतचा भाव. त्याखेरीज सेशन असतं: सहा षटकांत किती धावा, दहात किती, वीसमध्ये किती. प्रत्येकाला एक आकडा निघतो आणि त्यावर ‘येस’ किंवा ‘नो’. यात निकालाची वाट बघावी लागत नाही. सहा षटकं म्हणजे अर्धा तास. आणि हे सगळं चालतं आयडीवर. कुणीतरी ओळखीतून एक आयडी आणि पासवर्ड देतो, त्यात पॉइंट भरतो, हिशेब आठवड्याला. आयडी देणाऱ्याच्या वर आणखी एक, त्याच्या वर आणखी एक. खालचा माणूस जितका हरेल त्यात वरच्यांचा हिस्सा. म्हणजे ज्या मित्राने प्रेमाने आयडी दिली त्याची कमाई तुमच्या हरण्यात आहे. या साखळीचं कार्यालय कसं असतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. मे 2024 मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावातल्या एका इमारतीवर छापा घातला, तेव्हा महादेव ॲपच्या सट्ट्याचं काम तिथे पगारी पोरं बसून करत होती. लॅपटॉप, मोबाइल, शिफ्ट. टोमॅटोच्या बाजारपेठेच्या गावात.

सतरा नंबरचं म्हणणं, तो आयडीवर खेळत नाही, फक्त टीम लावतो. म्हणजे फँटसी. त्या मार्चमध्ये ते कायदेशीर होतं. न्यायालयांनी तो कौशल्याचा खेळ मानला होता. अकरा खेळाडू निवडायचे, शंभर क्रेडिटच्या आत बसवायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. मोठ्या स्पर्धेत लाखो माणसं उतरायची आणि पहिल्या बक्षिसाचा आकडा तेवढा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाचायचा. कंपनी आपला वाटा आधीच काढून ठेवायची. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागायचा आणि जिंकलेल्यावर 30 टक्के आयकर. मी हे सगळं त्याच कागदावर मांडलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘पण आपल्या इथल्या पोलिसाला लागले ना दीड कोटी.’’

लागले, खरं आहे. ऑक्टोबर 2023, विश्वचषक चालू होता, पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला दीड कोटीचं बक्षीस लागलं. पेपरात फोटो आले. आठवडाभरात त्याला निलंबित केल्याची बातमीही आली. पोरांच्या लक्षात पहिली बातमी राहिली.

कागद त्याने घडी घालून पुस्तकात ठेवला. राजकोषीय तुटीचं उत्तर चांगलं होतं. आठ गुण दिले असते मी.

दुपारी 4.30

चहा, या खेपेला घरचा. ही म्हणाली, पोरांच्या मागे लागू नका, आपण काय पोलीस आहोत? आपण पोलीस नाही, पण पोलिसांचा कागद पुढे या पोरांच्या नशिबी आहेच. निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो, चारित्र्य पडताळणी होते. कुठला गुन्हा दाखल आहे का, अटक झाली होती का, हे विचारतात आणि खोटं लिहिलं तर नोकरी जाते. आपल्याकडे अजून 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. जुगाराच्या अड्ड्यावर नुसतं सापडणंही त्यात गुन्हा ठरू शकतं. तीन-चार वर्षं अभ्यास करून आलेल्या मुलाने एका संध्याकाळी मित्राच्या खोलीवर बसून छाप्यात सापडावं, याला काय म्हणायचं?

घोड्यांवर लावता येतं, हेही पोरं मला ऐकवतात. येतं. पुण्याच्या रेसकोर्सचा हंगाम पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास सुरू होतो, आणि माझी नोकरीतली बरीच वर्षं कॅम्पातल्या शाखेत गेल्यामुळे तो पहिला दिवस मला खातेदारांच्या चेहऱ्यांवरून कळायचा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. तिथल्या टोटचा मला एक गुण आवडायचा: सगळ्यांचे पैसे एका कुंडात, त्यातून ठरलेली कपात, उरलेलं जिंकणाऱ्यांना. कापतात ते तोंडावर सांगून कापतात. तरी महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट मागायला कोण यायचं ते मी बघितलंय.

संध्याकाळी 6.00

उद्घाटनाचा सोहळा. शाहरुख खान, श्रेया घोषाल. अभ्यासिकेत मुलींची खोली जशीच्या तशी भरलेली, मुलांच्या हॉलमध्ये चार जण. त्यांतला एक झोपलेला.

संध्याकाळी 7.00

टॉस. पाटीदारने जिंकला, क्षेत्ररक्षण घेतलं. पाऊस नाही.

दिवसभरातला सगळ्यांत गजबजलेला वेळ म्हणजे सात ते साडेसात. टॉसबरोबर दोन्ही संघांची नावं जाहीर होतात आणि पहिल्या चेंडूला फँटसीची टीम बंद व्हायची. या अर्ध्या तासात मुलं पायऱ्यांवर, गाड्यांवर, कठड्यावर बसून अंगठे चालवत होती. इम्पॅक्ट प्लेअर आल्यापासून अकराची यादीही पक्की राहिलेली नाही. बाराव्याचा अंदाज वेगळा. ‘‘सॉल्टला कॅप्टन कर.’’ ‘‘येडा आहेस का, वरुण त्याला उडवतो.’’ ‘‘शेवटची चार मिनिटं.’’ परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या चार मिनिटांत गोळे भरताना हीच पोरं अशीच दिसत असणार.

मला तेव्हा कळलं की मी सकाळपासून चुकीच्या रकान्यात बेरीज करत होतो असं नव्हे, पण पोरांचा रकाना वेगळा होता. मी पैसे मोजत होतो. ही मुलं जाहिरातीची वाट बघतात, मग पूर्व परीक्षेची, मग निकालाची, मग मुख्यची. तारीख पुढे जाते, कुणीतरी कोर्टात जातं, मग मुलाखत, मग नियुक्तीची वाट. दोन-दोन वर्षं आपण बरोबर होतो की चूक ते कुणी सांगत नाही. इथे साडेतीन तासांत निकाल. कट-ऑफ नाही, आरक्षणाचा वाद नाही, उत्तरतालिकेवर हरकती नाहीत. हरलो तरी हरलो हे आज रात्रीच कळतं. हे गिऱ्हाईक सट्टेवाल्यांनी कुठूनही शोधून आणलेलं नाही. आपण त्याला ताटकळत ठेवून त्यांच्या दारात उभं केलंय.

रात्री 7.30 ते 10.45

पहिल्याच षटकात डी कॉक गेला. मग रहाणे आणि नरेन सुटले. आश्वीच्या पोराने 31 चेंडूंत 56 ठोकले आणि आमच्या कठड्यावर नगरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पण शिट्ट्या उशिरा आल्या. गंमत अशी की समोरच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीवर ओरडा आधी व्हायचा आणि आमच्या मुलांच्या मोबाइलवर तोच चेंडू नंतर पडायचा. कितीतरी सेकंदांचा फरक. अकरा नंबर वैतागून म्हणाला, ‘‘समोरच्यांना गप करा कुणीतरी, सिक्स आधीच कळतोय.’’

या फरकावर माणसं पोटं भरतात. मार्च 2021 मध्ये गहुंज्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने झाले. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी. तरी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 33 जणांना पकडलं, आणि त्यांतले काही घोरावडेश्वरच्या डोंगरावर बसले होते. दुर्बिणी, कॅमेरे आणि मोबाइल घेऊन. मैदान प्रत्यक्ष दिसत होतं, टीव्हीवर चेंडू यायच्या आत त्यांना कळत होता, आणि तेवढ्या सेकंदांत भाव फिरवता येत होता. मी हे सांगितल्यावर अकरा नंबरने समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं, मग हातातल्या मोबाइलकडे. म्हणजे आपण शिळ्या चेंडूवर पैसे लावतो? हो. शिळ्याच.

कोलकात्याने दहा षटकांत शंभरी गाठली, तेव्हा सगळे दोनशेच्या गप्पा मारत होते. कृणाल पंड्याने 29 धावांत तीन बळी घेतले आणि डाव 174 वर थांबला. कुणाचं तरी ‘येस’ बुडालं. जिन्यातून एक शिवी ऐकू आली. मधल्या वेळात जाहिराती. जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा, हे वाक्य डिसेंबर 2020 पासून जाहिरातीत सांगावंच लागायचं. निवेदक ते एका श्वासात असं म्हणायचा की औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्यापुढे ठळक वाटावीत.

बंगळुरूने सहा षटकांत बिनबाद 80 केल्यावर खेळ संपलाच होता. सॉल्ट 56, कोहली नाबाद 59, सात गडी राखून आणि 22 चेंडू शिल्लक ठेवून विजय. वरुणच्या चार षटकांत 43 गेल्या. वरुणला कॅप्टन केलेला मुलगा गुपचूप आत जाऊन टेबलाशी बसला आणि त्याने खरोखर पुस्तक उघडलं.

याच सट्ट्यापायी पुण्याला एकदा आयपीएलचा संघ मिळाला होता, हे या पोरांतल्या धाकट्यांना आठवत नाही. 2013 च्या फिक्सिंग-सट्ट्याच्या प्रकरणात मुंबईत खेळाडूंना अटक झाली, त्यांत आपला अंकित चव्हाणही होता. पुढे लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर बसवलं, आणि त्या रिकाम्या जागेत 2016 ला पुणे आलं. 2017 ची फायनल मुंबईशी एका धावेने हरलं आणि संपलं. त्याच लोढा समितीने क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करून नियंत्रणात आणावा, असंही सुचवलं होतं. विधी आयोगानेही 2018 मध्ये त्याच दिशेने मत दिलं. सरकारने नंतर उलटी वाट धरली.

रात्री 11.15

हॉल झाडला, पंखे बंद केले, वाय-फाय बंद केलं. सतरा नंबर शेवटी निघाला. ‘‘किती गेले?’’ म्हटलं. ‘‘एकोणपन्नास काका. खरंच तेवढेच.’’ नऊ नंबरचे उसने त्याआधीच्या हंगामापासून साठलेले होते, आणि ते एकोणपन्नास-एकोणपन्नास करतच साठले होते. त्याने स्वतःच घरी फोन करून सांगावं असं मी सुचवलं. त्याने एप्रिलमध्ये सांगितलं. वडिलांनी शिव्या दिल्या, पैसे दिले, आणि मोबाइल बदलून साधा दिला.

पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. फँटसीवाल्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून त्यांचं नाव गेलं. खेळणाऱ्या पोराला या कायद्यात शिक्षा नाही, हे मला योग्य वाटतं. पण आयडी वाटणारे कुठेही गेलेले नाहीत. पूर्वी कंपनी कर तरी कापायची. आता जे उरलंय त्याला पावती नाही.

म्हणून अभ्यासिका, मेस, हॉस्टेल चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं: मुलाने फी पुढे ढकलायला सांगितली तर रागावण्याआधी विचारा, कुणाचे द्यायचे आहेत. आणि आकडा हाताबाहेर गेलेला असेल, झोप उडाली असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक पाटीवर लिहून ठेवा: 14416. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.